जुन्यांचा युरोप, नव्यांची अमेरिका

अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणनेचा अर्ज घरोघरी जातो आणि प्रत्येक माणसाच्या नावापुढे वंशाची चौकट भरावी लागते. १७९० साली पहिली गणना झाली, तेव्हा माणसांची वर्गवारी स्वतंत्र गोरे, इतर स्वतंत्र माणसे आणि गुलाम अशी होती. पुढे चौकटींची नावे बदलली, त्यांची संख्या वाढली, २००० सालापासून एकाहून अधिक वंश नोंदवायची मुभा मिळाली. पण वंशाची नोंद केली नाही, अशी एकही जनगणना त्या देशात झालेली नाही.

फ्रान्समध्ये सरकार हा प्रश्न विचारतच नाही. जन्म कुठे झाला, नागरिकत्व कोणते, इतके विचारता येते. वंश आणि धर्म विचारता येत नाही. १९७८ च्या कायद्याने अशा माहितीवर कडक निर्बंध घातले आणि २००७ साली तिथल्या घटना परिषदेने वांशिक मुळावर आधारलेली वर्गवारी राज्यघटनेत बसत नाही, असा निर्णय दिला. प्रजासत्ताकापुढे सगळे नागरिक सारखे, मग त्यांची वंशवार मोजणी कशाला, ही त्यामागची भूमिका. त्यामुळे फ्रान्समध्ये कृष्णवर्णीय नागरिक नेमके किती, याचा अधिकृत आकडा कुणाकडेच नाही.

अमेरिका म्हणजे जगभरच्या माणसांचा देश आणि युरोप म्हणजे गोऱ्या ख्रिस्ती लोकांचा खंड, अशी आपल्याकडे सर्रास समजूत असते. ती बऱ्याच अंशी या मोजणीतून आली आहे. दोन्हीकडच्या विविधतेत कमी-जास्तपणाहून मोठा फरक तिच्या घडणीचा आहे. युरोपातली विविधता जमिनीला धरून वाढली: या खोऱ्यात ही भाषा, डोंगरापलीकडे दुसरी. अमेरिकेतली विविधता बहुतांशी माणसांबरोबर बोटीतून, विमानातून आली. कुणी आपखुशीने आले, कुणाला साखळदंडात आणले गेले. या एका फरकातून दोन्हीकडचे कायदे, भांडणे आणि दुखणी घडली. युरोप आपल्या जुन्या समाजांना जपायला शिकला, पण नव्यांना आपले म्हणताना अडखळतो. अमेरिका नव्यांना तुलनेने लवकर आपले म्हणते, पण जे तिथे सर्वांत आधीपासून होते, त्यांनाच तिने फार उशिरा हक्क दिले.

पट्टी बदलली की उत्तर बदलते

अमेरिकेचे जनगणना खाते एक विविधता निर्देशांक काढते. देशातली कोणतीही दोन माणसे निवडली, तर ती वेगवेगळ्या वांशिक गटांतली असण्याची शक्यता किती, हे तो सांगतो. २०१० साली ती ५४.९ टक्के होती, २०२० साली ६१.१ टक्के झाली. २०२० च्या गणनेत लोकसंख्या ३३ कोटी १४ लाख भरली. तीत लॅटिन अमेरिकी मुळाचे नसलेले गोरे ५७.८ टक्के, लॅटिन अमेरिकी मुळाचे १८.७ टक्के, कृष्णवर्णीय साधारण १२ टक्के आणि आशियाई साधारण ६ टक्के होते. या पट्टीने मोजले, तर युरोपातले बहुतेक देश अमेरिकेच्या बरेच मागे राहतात.

आता हीच कसोटी घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेला लावून पाहू. अमेरिकेत घरी फक्त इंग्रजी बोलणारे सुमारे ७८ टक्के आहेत आणि स्पॅनिश बोलणारे सुमारे १३ टक्के. म्हणजे कोणतेही दोन अमेरिकन निवडले, तर दहापैकी सहा वेळा दोघांची घरची भाषा एकच निघेल. युरोपीय संघात २७ देश, सुमारे ४५ कोटी लोक आणि २४ अधिकृत भाषा आहेत. जर्मन ही तिथली सर्वांत मोठी मातृभाषा, पण तिचा वाटा पाचव्या हिश्श्याच्या आसपासच आहे. तिथे कोणतीही दोन माणसे निवडली, तर दहापैकी जवळपास नऊ वेळा दोघांची मातृभाषा वेगळी निघेल. या पट्टीने अमेरिकाच एकजिनसी ठरते.

न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला मोटारीने गेले, तर साडेचार हजारांहून अधिक किलोमीटरमध्ये रस्त्यावरच्या पाट्यांची भाषा बदलत नाही. लिस्बनहून तालिनला जाणारा रस्ताही साधारण तेवढाच लांब. त्यावर पोर्तुगीज, स्पॅनिश, बास्क, फ्रेंच, जर्मन, पोलिश, लिथुआनियन, लाटव्हियन आणि एस्टोनियन अशा भाषा लागत जातात. यांतल्या बहुतेक भाषा मराठीच्याच दूरच्या नातलग, कारण त्या इंडो-युरोपीय कुळातल्या आहेत. पण एस्टोनियन ही फिनिश आणि हंगेरियनप्रमाणे वेगळ्याच कुळातली, आणि बास्कला तर जगात कोणतीच नातलग भाषा सापडलेली नाही. माल्टा या छोट्या बेटाची भाषा अरबीतून निपजली, ती रोमन लिपीत लिहिली जाते आणि युरोपीय संघाची अधिकृत भाषा आहे.

धर्माचेही तसेच आहे. कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स यांच्यातल्या रेषांवरून युरोपात शतकानुशतके रक्त सांडले. मुसलमान युरोपात आत्ताआत्ता आले, ही समजूतही अर्धवटच आहे. बोस्निया आणि अल्बानियातले मुसलमान तिथलेच आहेत आणि लिथुआनिया-पोलंडमधल्या तातार मुसलमानांच्या वस्त्या चौदाव्या शतकापासूनच्या आहेत.

एका प्रांताची गोष्ट

जमिनीला बांधलेली विविधता म्हणजे काय, हे इटलीच्या उत्तर टोकावरच्या दक्षिण टायरोल या डोंगराळ प्रांतात स्पष्ट दिसते. पहिल्या महायुद्धाआधी हा भाग ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता आणि इथले बहुतेक लोक जर्मन बोलत. १९१९ च्या तहाने तो इटलीला मिळाला. मुसोलिनीच्या राजवटीत जर्मन शाळा बंद झाल्या, गावांची आणि नद्यांची नावे इटालियन करण्यात आली, नोकरीसाठी इटालियन कुटुंबे दक्षिणेतून आणून वसवली गेली. पालक आणि शिक्षिका घरांत, कोठारांत चोरून मुलांना जर्मन शिकवत. १९३९ साली हिटलर आणि मुसोलिनी यांनी मिळून इथल्या लोकांपुढे पर्याय ठेवला: भाषा हवी असेल तर गाव सोडून जर्मन राज्यात जा, गाव हवे असेल तर इटालियन व्हा. मोठ्या बहुसंख्येने लोकांनी जाण्याच्या बाजूने कौल दिला आणि युद्धाने सगळे थांबण्याआधी सुमारे ७५ हजार लोक खरोखरच निघून गेले.

युद्धानंतर १९४६ साली इटली आणि ऑस्ट्रिया यांच्यात करार झाला, पण त्याची अंमलबजावणी रडतखडत चालली. १९६१ च्या जूनमध्ये एका रात्री विजेचे मनोरे बाँबने उडवले गेले. अखेर १९७२ साली नवा स्वायत्तता कायदा आला आणि त्याने प्रांताचे रूप पालटले. आज तिथे सुमारे ६९ टक्के लोक जर्मन, २६-२७ टक्के इटालियन आणि चार टक्क्यांहून थोडे अधिक लोक लादीन या छोट्या रोमान्स भाषेच्या गटात नोंदलेले आहेत. सरकारी नोकऱ्या या प्रमाणात वाटल्या जातात, जर्मन आणि इटालियन शाळा वेगळ्या चालतात, पाट्या दोन भाषांत आणि लादीन खोऱ्यांत तीन भाषांत असतात. ज्या भाषेसाठी लोकांना गाव सोडायला सांगितले होते, त्याच भाषेला त्याच गावात आता कायद्याचे संरक्षण आहे. भाषेच्या भांडणातून असा मार्ग निघू शकतो, हे युरोपने इथे करून दाखवले.

आणि याच व्यवस्थेत तिची मर्यादाही दिसते. तिथे राहणारा एखादा नागरिक मुळात अल्बानियाहून आलेल्या घरातला असेल, तर तो स्वतःला ‘इतर’ म्हणवू शकतो. पण नोकऱ्यांच्या वाटपासाठी त्याला जर्मन, इटालियन किंवा लादीन यांपैकी एका गटाशी स्वतःला जोडून घ्यावेच लागते. व्यवस्था तीन जुन्या समाजांसाठी बांधलेली आहे. चौथ्याला तिच्यात स्वतःची खोली नाही.

स्वित्झर्लंडने १९३८ साली रोमान्श ही चौथी राष्ट्रीय भाषा मानली. ती बोलणारे जेमतेम साठ हजारांच्या घरात आहेत, तरी देशाच्या नोटांवर तिला जागा आहे. बेल्जियमने १९६२-६३ मध्ये डच आणि फ्रेंच यांच्यातली भाषिक सीमा कायद्याने आखली. ती आखणी इतकी कठोर होती की, काही वर्षांतच लुव्हेनचे शतकांपासूनचे विद्यापीठ भाषेवरून दुभंगले आणि ग्रंथालयातली पुस्तकेसुद्धा सम-विषम क्रमांकांनी वाटून घेण्यात आली. भाषावार प्रांतरचना आणि सीमावाद जगलेल्या मराठी माणसाला हा युरोप ओळखीचा वाटेल. भाषेला प्रदेश हवा, प्रदेशाला राज्य हवे, आणि सीमेवरच्या गावाचे काय, हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या उरतो.

एकरंगी नकाशा कसा तयार झाला

युरोपातले देश आज जितके एकभाषी दिसतात तितके ते पूर्वी नव्हते. राज्यक्रांतीच्या काळात, १७९४ साली, आबे ग्रेग्वार यांनी फ्रान्सच्या भाषिक स्थितीवर अहवाल दिला. किमान साठ लाख लोकांना फ्रेंच येत नाही आणि ती शुद्ध बोलणारे तीस लाखांहून जास्त नाहीत, असा त्यांचा अंदाज होता. ब्रेटन, ऑक्सितान, बास्क, अल्सेशियन अशा भाषांवर शाळा, सैन्यभरती आणि सरकारी कामकाज यांनी पुढच्या दीडशे वर्षांत मात केली. इटली १८६१ साली एक झाला, तेव्हा इटालियन सहज बोलणारे थोडेच होते.

देश एकभाषी करण्याचे काम फ्रान्समध्ये शाळेने केले. पूर्वेकडे ते रेल्वेगाड्यांनी आणि बंदुकांनी केले. १९२३ च्या लोझान कराराने ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी लोकसंख्येची अदलाबदल केली. तुर्कस्तानातून सुमारे बारा लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आणि ग्रीसमधून सुमारे चार लाख मुसलमान घरादारातून उठवले गेले. निवड धर्मावरून होती. त्यामुळे तुर्की बोलणारे ख्रिस्ती ‘ग्रीक’ ठरून ग्रीसमध्ये गेले आणि क्रीट बेटावरचे ग्रीक बोलणारे मुसलमान ‘तुर्क’ ठरून तुर्कस्तानात.

१४९२ साली स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंनी आजच्या ग्रीसमधले थेसालोनिकी हे बंदर आपले केले होते. जुनी स्पॅनिश वळणाची लादिनो भाषा त्यांनी तिथे साडेचार शतके जपली. १९४३ मध्ये नाझींनी काही महिन्यांत तिथल्या पंचेचाळीस हजारांहून अधिक ज्यूंना औशवित्झला पाठवले. युरोपभर मिळून साठ लाख ज्यूंची हत्या झाली. युद्धानंतर पूर्व युरोपातून एक कोटीहून अधिक जर्मनांना पळावे लागले किंवा घालवून दिले गेले. ज्या पोलंडमध्ये युद्धाआधी सुमारे एक तृतीयांश लोक पोलिश नव्हते, तो युद्धानंतर जवळपास पूर्णपणे पोलिश झाला. तेव्हा पोलंडमध्ये आणि आज युक्रेनमध्ये असलेल्या लव्हिव शहरात १९३९ साली निम्म्याच्या आसपास पोलिश, साधारण एक तृतीयांश ज्यू आणि उरलेले मुख्यतः युक्रेनी होते. ज्यू मारले गेले, पोलिश पश्चिमेला धाडले गेले आणि सहा-सात वर्षांत शहर तेच राहून त्यातली माणसे बदलली. हे सारे संपले असे वाटत असतानाच १९९१ पासून युगोस्लाव्हिया फुटला आणि १९९५ च्या जुलैमध्ये स्रेब्रेनित्सा इथे आठ हजारांहून अधिक बोस्नियन मुसलमान पुरुष आणि मुले मारली गेली.

आजचा शांत, एकभाषी वाटणारा मध्य युरोप पाहताना हे विसरता कामा नये. तिथली एकजिनसी लोकसंख्या ही बऱ्याच ठिकाणी एका गुन्ह्याची खूण आहे. ‘आमचा देश पहिल्यापासून असाच आहे’ असे जेव्हा तिथला एखादा पुढारी म्हणतो, तेव्हा तो शंभर वर्षेही मागे जात नाही.

अमेरिकेच्या दाराची राखण

अमेरिकेने दार सताड उघडे ठेवले, ही कथाही तपासून घ्यावी लागते. १७९० च्या नागरिकत्व कायद्याने परदेशातून आलेल्या फक्त ‘स्वतंत्र गोऱ्या’ माणसाला नागरिक होण्याची सोय केली. त्याच वेळी देशात सुमारे सात लाख गुलाम होते. अटलांटिक गुलामव्यापारात आफ्रिकेतून सुमारे सव्वा कोटी माणसे जहाजांवर चढवली गेली. त्यांतली चार लाखांहून थोडी कमी थेट उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरवली गेली आणि १८६० पर्यंत गुलामांची संख्या चाळीस लाखांच्या जवळ पोचली. योरुबा, इग्बो, वोलोफ, कोंगो अशा अनेक समाजांची ही माणसे होती. त्यांच्या भाषा, नावे आणि देव हिरावून सगळ्यांना एकाच चौकटीत टाकले गेले. आयरिश माणसाचा नातू आयरिश राहू शकला, इटालियन बाईची नात इटालियन. आफ्रिकेतल्या समाजांच्या वंशजांकडे मात्र फक्त रंग उरला. अमेरिकेतल्या ‘वंश’ या चौकटीचा जन्म असा आहे. गॉस्पेल, ब्लूज, जॅझ ही अमेरिकेची जगभर पोचलेली संस्कृती याच हिरावल्या गेलेल्या लोकांनी नव्याने उभी केली, हे त्यांचे थोरपण.

गोरे नसलेल्या स्थलांतरितांना थोपवण्याचे कायदे एकामागून एक आले. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना बंदी घातली, ती १९४३ पर्यंत टिकली. १८९२ ते १९५४ या काळात न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरून सुमारे सव्वा कोटी लोक देशात शिरले. त्यांत इटालियन, पोलिश आणि ज्यू इतके होते की जुन्या रहिवाशांना धास्ती वाटू लागली. म्हणून १९२४ च्या कायद्याने प्रत्येक देशाला कोटा ठरवला आणि तो ठरवायला १८९० ची जुनी जनगणना वापरली, कारण तेव्हा दक्षिण आणि पूर्व युरोपातले लोक फार नव्हते. आशियाला तर दार जवळपास बंदच झाले.

या चौकटीत भारतीय माणूस कुठे बसवायचा, हे अमेरिकेला कधीच नीट ठरवता आले नाही. १९२० ते १९४० च्या जनगणनांत ‘हिंदू’ हा एक वंश होता आणि त्यात शीख, मुसलमान सगळे मोजले जात. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात काम केलेल्या भगतसिंग थिंद या पंजाबी शिखाने आपण वंशशास्त्राच्या हिशोबाने गोऱ्यांतच मोडतो, असा दावा केला. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला: सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तो गोरा. त्यानंतर अनेक भारतीयांचे मिळालेले नागरिकत्वही काढून घेतले गेले. पुढे १९७० च्या गणनेत भारतीय गोऱ्यांत मोजले गेले आणि १९८० पासून आशियाईंत. साठ वर्षांत माणसे तीच राहिली आणि वंश बदलत राहिला.

दार खऱ्या अर्थाने उघडले ते नागरी हक्कांच्या चळवळीने. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नव्या स्थलांतर कायद्यावर सही केली आणि वंशावर बेतलेले कोटे गेले. आपल्याकडचे डॉक्टर, इंजिनियर आणि संशोधक तिकडे जाऊ शकले, ते या कायद्यामुळे. परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण १९७० साली ४.७ टक्के होते, आज ते १४ टक्क्यांच्या आसपास आहे. अमेरिकेतल्या प्रत्येक सुखवस्तू मराठी घराचे एक देणे दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय मोर्चेकऱ्यांकडे लागते. ते मोकळेपणाने मानायला हवे.

नागरिक लवकर, भाषा गेली

अमेरिकेची सर्वांत मोठी ताकद राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीत आहे. मुक्त झालेल्या गुलामांसाठी १८६८ मध्ये आलेल्या या दुरुस्तीने अमेरिकेत जन्मलेल्या मुलाला नागरिकत्व दिले. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या वाँग किम आर्क या चिनी आईवडिलांच्या मुलाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८९८ साली ते पक्के केले, तेही चिन्यांना देशात येण्याची बंदी असताना. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी हा हक्क मर्यादित करणारा आदेश काढला आणि त्याला लगेच न्यायालयांत आव्हान दिले गेले. हे भांडण अमेरिकेच्या गाभ्याचे आहे. जन्माने मिळणारे नागरिकत्व हेच दुसऱ्या पिढीला परके राहू देत नाही.

या सामावून घेण्याची किंमत भाषेने मोजली. पहिली पिढी आपली भाषा बोलते, दुसरी ती समजते, तिसऱ्या पिढीला ती बहुधा येत नाही. जर्मन मुळाचे लोक अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या गटांपैकी एक आहेत आणि एकेकाळी तिथे शेकडो जर्मन वर्तमानपत्रे निघत. पहिल्या महायुद्धात त्या भाषेवर गदा आली. १९१८ साली आयोवाच्या गव्हर्नरने सार्वजनिक जागी, शाळेत, अगदी टेलिफोनवरही परकी भाषा बोलायला मनाई केली. लुइझियानात १९२१ पासून शाळांतून फ्रेंच हद्दपार झाली. न्यूयॉर्क शहरात आज सातशेच्या वर भाषा बोलल्या जातात असे भाषाअभ्यासक सांगतात, पण त्यांतल्या बहुतेकींना राज्याचा आधार नाही.

उत्तर अमेरिकेतले बृहन्महाराष्ट्र मंडळ, तिथल्या गावोगावच्या शनिवार-रविवारच्या मराठी शाळा, दर दोन वर्षांचे अधिवेशन हे सगळे लोकांनी आपल्या पदरच्या वेळाने आणि पैशाने चालवले आहे. साठ हजारांच्या रोमान्शला जे संरक्षण स्वित्झर्लंडच्या राज्यघटनेने मिळते, ते लाखोंच्या भाषांना अमेरिकेत मिळत नाही. तिथे आडकाठीही नाही, आधारही नाही.

बर्लिनमध्ये जन्मून परका

युरोपची अडचण याच्या उलट. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगारभरतीचा करार केला. लोक काही वर्षे काम करून परत जातील अशी अपेक्षा होती. बरेच गेले, बरेच राहिले, आणि आज तुर्की मुळाचे लोक तिथे तीस लाखांच्या आसपास आहेत. पण १९१३ चा जर्मन नागरिकत्व कायदा रक्ताच्या नात्यावर उभा होता. ज्याचे पूर्वज अठराव्या शतकात रशियाला गेले, असा कझाकस्तानातला जर्मन वंशाचा माणूस मोडकीतोडकी जर्मन बोलत आला, तरी त्याला नागरिकत्व मिळे. बर्लिनमध्ये जन्मलेली, बर्लिनच्या शाळेत शिकलेली तुर्की कामगाराची मुलगी मात्र परदेशी नागरिक राही. १ जानेवारी २००० पासून, आईवडिलांपैकी एकाचे कायदेशीर वास्तव्य पुरेसे असेल, तर जन्माने नागरिकत्व मिळू लागले आणि २०२४ मध्ये दुहेरी नागरिकत्वाचीही सर्वांना मुभा मिळाली. फक्त जन्मावरून, कोणत्याही अटीविना नागरिकत्व देणारा मोठा देश आज युरोपात एकही नाही. आयर्लंडने ती पद्धत २००४ च्या सार्वमताने सोडली.

ब्रिटनने वेगळी वाट धरली. १९४८ मध्ये एम्पायर विंडरश हे जहाज कॅरिबियन बेटांवरून लोकांना घेऊन आले, तेव्हा साम्राज्याचे प्रजाजन म्हणून त्यांना येण्याचा हक्कच होता. ब्रिटन १९९१ पासून जनगणनेत वांशिक गट विचारतो. २०२१ च्या गणनेत लंडनमध्ये स्वतःला ‘गोरे ब्रिटिश’ म्हणवणारे ३६.८ टक्के निघाले. मोजले म्हणून नोकरीतला, घर मिळण्यातला भेदभाव आकड्यांत दाखवता येतो. फ्रान्समध्येही भेदभाव आहे, पण त्याचा पुरावा गोळा करणेच अवघड होऊन बसते. समानतेच्या उदात्त तत्त्वापोटी विषमता दिसेनाशी व्हावी, हा फ्रेंच भूमिकेतला मोठा दोष आहे.

तरी युरोप बदलतो आहे. मालवण तालुक्यातल्या वराड गावाशी ज्यांच्या वडिलांचे नाते, ते लिओ वराडकर २०१७ साली आयर्लंडचे पंतप्रधान झाले. गोव्याचे मूळ असलेल्या लेखकाचे पुत्र अंतोनियु कोश्ता आठ वर्षांहून अधिक काळ पोर्तुगालचे पंतप्रधान होते आणि आता युरोपीय परिषदेचे अध्यक्ष आहेत. दोघेही तिथेच जन्मलेले. तिकडे अमेरिकेत, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार तरुणपणी शिकायला गेले आणि २०२३ पासून मिशिगनचे प्रतिनिधी म्हणून काँग्रेसमध्ये बसतात.

सर्वांत जुने, सर्वांत मागे

दोन्ही व्यवस्थांची खरी परीक्षा, त्यांच्या कोणत्याच साच्यात न बसणाऱ्या लोकांपाशी होते. युरोपात ते रोमा आहेत. एक कोटीहून अधिक असलेला हा युरोपातला सर्वांत मोठा वांशिक अल्पसंख्य समाज. सुमारे हजार वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज भारताच्या वायव्य भागातून निघाले. त्यांची रोमानी भाषा मराठीसारखीच भारतीय-आर्य कुळातली. नाक, कान, पाणी हे शब्द त्यांच्याकडेही जवळपास तसेच आहेत. आजच्या रोमानियातल्या वलाकिया आणि मोल्दाव्हिया या संस्थानांत ते १८५६ पर्यंत गुलाम होते. नाझींनी त्यांतल्या लाखोंना मारले. मतिमंद मुलांसाठीच्या शाळांत रोमा मुलांना सरसकट घालणे हा भेदभाव आहे, असे युरोपीय मानवी हक्क न्यायालयाला २००७ साली चेक प्रजासत्ताकाला सांगावे लागले. युरोपात शतके काढूनही रोमांकडे स्वतःचा प्रदेश नाही, आणि युरोपचे संरक्षण प्रदेशाला बांधलेले आहे.

अमेरिकेत ते मूलनिवासी आहेत. संघराज्याने मान्यता दिलेल्या जमातींची संख्या ५७० च्या वर आहे. १८७९ साली पेनसिल्व्हेनियात कार्लाइलची निवासी शाळा निघाली. अशा शाळांतून मुलांचे केस कापले गेले, नावे बदलली गेली, स्वतःची भाषा बोलल्याबद्दल शिक्षा झाली. सर्व मूलनिवाशांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले ते १९२४ साली, म्हणजे ज्या वर्षी परदेशातून येणाऱ्यांवर कोटे लादले गेले त्याच वर्षी. नावाहो भाषा आज दीड लाखांहून अधिक लोक बोलतात, पण इतर कित्येक भाषांचे मोजकेच वृद्ध जाणकार उरले आहेत. इथे प्रदेशाचे, भाषेचे, सामूहिक हक्काचे युरोपीय शहाणपण हवे होते, आणि अमेरिकेकडे ते नव्हते.

म्हणून या दोघांतला कोण अधिक उदार, या वादात मला फारसा अर्थ दिसत नाही. युरोपने समाजाला त्याची भाषा आणि भूमी दिली. अमेरिकेने माणसाला त्याच्या जन्मावरून नागरिकत्व दिले. या दोन वेगळ्या देणग्या आहेत आणि कोणत्याही न्याय्य देशाला दोन्ही लागतात. दक्षिण टायरोलच्या शेतकऱ्याला पहिली हवी होती, बर्लिनमधल्या तुर्की मुलीला दुसरी. एक दिली म्हणून दुसरीतून सुटका होत नाही. भाषेच्या पायावर राज्य मिळवलेल्या आणि त्याच वेळी देशभरातून कामासाठी येणाऱ्या माणसांवर ज्याची शहरे चालतात, त्या महाराष्ट्रालाही हे लागू आहे. कोणत्याही देशाच्या विविधतेचे गोडवे ऐकले की, दोन गोष्टी विचाराव्यात: तिथला सर्वांत जुना समाज कोणत्या स्थितीत आहे, आणि काल आलेल्या माणसाच्या मुलीला उद्या कायद्याने काय मिळणार आहे. या दोन उत्तरांतून तो देश कळतो.